पिवळ्याचा एक हात

३ मार्च

ताई,

फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र लिहिते आहे. काम एकच आहे आणि ते आईचं आहे. गेल्या तीन वाढदिवसांना तिने तुला स्वतः रंगवून पाठवलेली तीन कार्डं तिला परत हवी आहेत. टाकून दिली असशील तर तसं कळव, मी तिला काहीतरी सांगेन. असतील तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठव. घडी नको, रबरबँड नको, चिकटपट्टी कार्डाला लागता कामा नये.

आता कारण. वीस फेब्रुवारीला आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. तुला कळवलं नाही, कारण आई म्हणाली, "तिला कशाला उगीच घोर." मी वाद घातला नाही. डाव्या डोळ्याचं चार एप्रिलला आहे. डावा जास्त पिकला आहे. डॉक्टरबाईंनी मुद्दाम उजवा आधी केला, एक डोळा तरी हाताशी राहावा म्हणून.

वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, हे सगळं मी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाला चिकटवलं. आईने त्यावर ब्रश पुसला. आठव्या दिवशी ती खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसलीच. बाबा गेल्यापासून जेवणाचं टेबल कार्डांचं झालं आहे. आम्ही दोघी ताट मांडीवर घेऊन जेवतो. टेबलावर तीन कप असतात. एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा, तिसरा माझ्या चहाचा, आणि आठवड्यातून एकदा तरी ब्रश तिसऱ्यात बुडतो. ओला कागद ताणून बसवलेली फळी सुकायला माझ्या पलंगावर असते. घरात दुसऱ्या सपाट जागा आहेत. मी मोजल्या आहेत.

तर ती बसली, काकूसाठी तयार ठेवलेलं कार्ड उघडलं आणि ओरडली, "हे कोणी केलं?"

"तूच."

"मी? ही पानं? अगं, शाईच्या दौतीतून काढल्यासारखी दिसतायत!"

मग पुढचं कार्ड, मग त्याच्या पुढचं. तुला माहीत आहे, प्रत्येकाचं एक झाड तिने ठरवून टाकलं आहे. तुझी द्राक्षवेल, मामाचं अंजीर, माझं लिंबू. ("काट्यांसकट," असं ती आल्यागेल्याला आवर्जून सांगते.) सगळ्यांची पानं निळी. डॉक्टरबाईंनी समजावलं की डोळ्यातलं भिंग पिकत गेलं की पिवळं पडतं आणि निळा रंग आत पोचू देत नाही. आईला तिचा हिरवा पिवळट दिसायचा, म्हणून ती निळा वाढवत गेली. तिच्या डोळ्याला ती पानं बरोबर होती. मधल्या काळात कागदवाल्यालाही तिने तीनदा वह्या परत केल्या, "जुना पिवळा माल खपवतोस का" म्हणून. कागद पांढराच होता. तो बिचारा बदलून देत राहिला.

मला वाटलं, आता रडेल. तिने वाढदिवसांची वही काढली. एकतीस माणसं, तीन वर्षं, म्हणजे त्र्याण्णव कार्डं. "सगळी परत मागव," म्हणाली. निळ्यावर पिवळ्याचा एक पातळ हात दिला की हिरवं होतं, असं तिचं म्हणणं. ते बरोबर आहे. तीन वर्षं जे काम तिच्या डोळ्यातलं भिंग करत होतं, ते आता ती ब्रशने करणार. आणि दारोदार कार्डं मागत फिरायचं काम माझं.

मामाच्या वाढदिवसाला तू आईच्या रंगांबद्दल जे म्हणाली होतीस ते बरोबर होतं, हे इथे लिहून ठेवते. त्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धाकटी

१२ मार्च

ताई,

पार्सल मिळालं. बांधणी उत्तम. मध्ये बटरपेपर घालायचं मला सुचलं नव्हतं. तिन्ही कार्डं पाठवली तशीच नवीकोरी आहेत, कोपरासुद्धा मुडपलेला नाही. आईने पुठ्ठे उलटेपालटे केले, पाकीट उजेडात धरलं, पुन्हा आत हात घातला.

"चिठ्ठी नाही?"

"नाही," मी म्हणाले. होती. माझ्या नावाची होती, म्हणून मी आधीच काढून घेतली होती. "तुझ्या लक्षात आलं नव्हतं?" एवढंच. प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

तुला काय म्हणायचं आहे ते सरळ म्हण. दोन वर्षांपूर्वी मामाचा साठावा वाढदिवस होता, घर माणसांनी भरलेलं होतं. आईने मामाला कार्ड दिलं, ते तू हातात घेतलंस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "आई, पानं निळी झालीत. तुझे डोळे दाखवायला हवेत." हे घरी आल्यावर म्हणता आलं असतं. तिला बाजूला घेऊन म्हणता आलं असतं. आई एवढीशी झाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं. तुझं तर कामच हे." मी सांगितलं की रंग बरोबर आहे. आई तुला म्हणाली, आजच्या दिवशी तरी गप्प बस. तू चपला घालून निघून गेलीस, ती आजतागायत आलेली नाहीस. यात माझा वाटा किती आणि तुझ्या वरच्या पट्टीतल्या आवाजाचा किती, ते तूच ठरव.

इथे माझी अवस्था ऐक. आत्याला फोन केला तर म्हणते, "दिलेली वस्तू परत मागतात का? तुमच्याकडे नवीनच रीत निघाली!" वीस मिनिटं समजावल्यावर दोन कार्डं द्यायला तयार झाली. तिसरं ठेवून घेतलं, कारण त्याच्या मागे तिने गिरणीवाल्याचा नंबर लिहिला आहे. मामाकडे गेले तर एक कार्ड सापडेना. शेवटी ते कपाटाच्या पायाखालून निघालं.

"अगं, कपाट हलत होतं," मामा म्हणाला. "बरोब्बर मापाचं निघालं."

हे मी आईला सांगायला नको होतं. ती मामाशी बोलत नाहीये. काकूने तर तिन्हींना लॅमिनेशन करून घेतलं आहे. "जपून ठेवलीत हो मी, प्लास्टिकमध्ये!" आईने ती हातात घेतली, वाजवून बघितली आणि म्हणाली, "आता यावर रंग चढायचा कुठून? प्रेमाने गळा आवळलाय नुसता."

आणि निळी पानं सगळ्यांना दिसली होती. प्रत्येकाला विचारलं. आत्याला वाटलं, हल्ली अशीच फॅशन असेल. काकूला वाटलं, आपल्याला कळत नाही. मामा म्हणाला, "तू रंगाच्या कारखान्यात. तू बरोबर म्हटलंस, मग आम्ही कशाला तोंड उघडायचं?"

आईनेही विचारलं. "मला दिसत नव्हतं, ठीक आहे. तुला कसं दिसलं नाही गं?"

मी म्हणाले, "नीट बघितलं नसेल."

तिने जरा विचार केला आणि तिचा चेहराच बदलला. "दिवसभर रंग बघून बघून डोळे फोडतेस तू. माझं लक्षच नाही." तेव्हापासून ती फोनवर सगळ्यांना सांगते आहे की माझे डोळे कामातून गेले. सतरा तारखेला डॉक्टरबाईंकडे माझं नाव लावलं आहे. मला न विचारता.

धाकटी

१८ मार्च

ताई,

काल तपासणी झाली. लिहायचं कारण नव्हतं, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

आई शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आधी ठिपक्यांच्या वर्तुळातले आकडे वाचायचे होते. ते झाले. मग डॉक्टरबाईंनी बाटलीच्या झाकणांएवढ्या रंगीत टोप्यांची लांब पेटी काढली. हिरव्यापासून निळ्यापर्यंत टोप्या क्रमाने लावायच्या. आमच्या प्रयोगशाळेत हीच परीक्षा दरवर्षी घेतात, त्यात नापास झालं तर शेड जुळवायच्या कामावरून काढतात. टोप्या हातात घेतल्यावर माझ्या मनात आलं, दोन टोप्यांची अदलाबदल करावी. फक्त दोन. प्रश्न मिटला असता. आईला वाटतं ते खरं ठरलं असतं.

हात गेला नाही. चुकीच्या जागी ठेवलेली टोपी मला बघवत नाही. मामाच्या घरी जीभ कशी वळली, हे मला कळत नाही.

"एकही चूक नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशी नजर मी आजवर दोघातिघांचीच पाहिली असेल. लाखात एक आहे मुलगी तुमची."

आई आधी फुलली. "माझ्यावर गेलीय," म्हणाली. मग पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. डॉक्टरबाईंनी तिचा डावा डोळा पुन्हा बघितला. म्हणाल्या, भिंग फार घट्ट झालं आहे, ऑपरेशनला वेळ लागेल, नजर किती येईल ते पट्टी काढल्यावरच कळेल. "दोन-तीन वर्षं आधी आणलं असतंत तर इतकं अवघड नसतं गेलं." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. पेशंटला घेऊन येणाऱ्याकडे बघूनच असं म्हणतात.

बसमध्ये आईने तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "मामाकडे त्या दिवशी उजेड कमी होता का गं?"

भर दुपार होती. खिडकीला पडदे नव्हते.

"असेल," मी म्हणाले.

ती मला एकेक सबब काढून देते आहे आणि मी घेते आहे. तिने एकदा डोळे वटारून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते नाही. घरी आल्यावर मला चहा करून दिला आणि चार एप्रिलवर कॅलेंडरमध्ये गोल केला. गोल करताना, कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "तिला काही सुट्टी मिळायची नाही." ती म्हणजे तू.

धाकटी

२० मार्च

ताई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते खरं नाही. मी मोजलं होतं.

मामाच्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी मी माझी दोन कार्डं कामावर नेली. एक बाबा असतानाचं, एक त्या वर्षीचं. दोन्हींवर लिंबाची फांदी. जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेत कोणी नसताना, एकेक पान आमच्या रंग मोजायच्या यंत्राखाली धरलं. दोन रंगांत फरक किती, ते यंत्र आकड्यात सांगतं. एकाच्या आत असेल तर माल पुढे जातो. दोनच्या वर गेला तर परत. फरक चौदा निघाला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र तपासायला त्याच्यासोबत पांढऱ्या फरशीचा एक तुकडा असतो, त्यावर लावून तपासलं आणि पुन्हा मोजलं. चौदाच.

यंत्रातून आकडा छापून आलेली चिठ्ठी मी कामावरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. अजून तिथेच आहे.

कारण सांगते, सबब म्हणून नाही. बाबा गेल्यावर चार महिने आई सकाळी पडदासुद्धा उघडत नव्हती. तू महिन्यातून एकदा यायचीस, तेव्हा ती केस विंचरून बसायची, म्हणून तुला ते दिसलं नसेल. मग एक दिवस कार्डांसाठी उठली. कार्डाला उजेड लागतो, म्हणून पडदा उघडला. मला वाटलं, रंग चुकतोय म्हटलं की ब्रश ठेवून देईल आणि पडदा पुन्हा बंद. डोळ्यांचा विचार मला सुचला नाही. वाटलं, मन थाऱ्यावर नाही म्हणून पानं निळी येत असतील. यंत्र फरक सांगतं, कारण सांगत नाही. कारण तू एका नजरेत सांगितलंस, आणि तू शिकवतेस भूगोल.

आणखी एक. मागच्या पत्रात मी त्या दिवसाची हकिकत लिहिली, त्यात माझं एक वाक्य गाळलं. रंग बरोबर आहे, एवढंच म्हणून मी थांबले नव्हते. "ताईला आईच्या प्रत्येक गोष्टीत खोड काढल्याशिवाय चैन पडत नाही," असंही म्हणाले होते. ते मला कोणी विचारलं नव्हतं. आई तुला गप्प बस म्हणाली ती त्यानंतर.

कळवून टाकलं. आईला चार तारखेला तू हवी आहेस. ती तसं म्हणणार नाही.

धाकटी

२७ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "मला मोजून दाखवायची गरज नव्हती. मला दिसत होतं. आईला सांग. सांगेपर्यंत मी येणार नाही, आणि तोवर लिहू नकोस." म्हणून तोवर लिहिलं नाही.

सांगितलं. रविवारी सकाळी. ती तुझ्याच कार्डाशी बसली होती, द्राक्षाच्या पानांवर पिवळा चढवत. डावा डोळा मिटून, उजव्याने काम चालू. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मामाच्या वाढदिवसाआधी मी मोजलं होतं, फरक होता, मला माहीत होतं, आकड्याची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

"किती फरक?"

"चौदा."

"मला तुझे आकडे कळत नाहीत. चौदा म्हणजे किती?"

"आमच्याकडे दोनला माल परत करतात."

तिने पान पुरं केलं. कडेला साचलेलं पाणी ब्रशच्या टोकाने टिपून घेतलं. मग ब्रश खाली ठेवला.

"आणि मी त्या पोरीला म्हटलं, गप्प बस."

"हो."

"माझ्या भावाच्या घरातून उपाशी गेली ती."

"हो."

"हो हो काय लावलंयस? तोंडात दुसरा शब्द नाही तुझ्या?"

मी पडद्याचं सांगितलं. चार महिन्यांचं. मी ते तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, माझं लक्ष नव्हतं.

"म्हणजे मी काचेची!" ती म्हणाली. "हात लावला की फुटणार! अगं, पान चुकलं म्हणून कोणी मरत नाही, दुसरा कागद घेतात. त्या यंत्राला विचारायला गेलीस, मला विचारायला काय झालं होतं? मी काय भिंतीपलीकडे राहत होते?"

मी ब्रश धुवायच्या कपातलं पाणी बदलून आणलं.

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. "गॅस बंद कर." "खिडकी लाव." डोळ्यात थेंब घालायला मान वर करते, थेंब पडले की मान खाली. मामाला मात्र माफी मिळाली. त्याला फोन करून सगळं सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मामा काय म्हणाला ते कळलं नाही, पण आई म्हणाली, "तुझं काय, तू कपाटाखाली घातलंस. हिने ड्रॉवरमध्ये."

कार्डं जवळजवळ संपली आहेत. हिरवी झालेली पानं नव्यासारखी दिसत नाहीत, खालचा निळा कुठेकुठे डोकावतो, पण झाडं ओळखू येतात. काल माझी तीन मी गुपचूप गठ्ठ्यात ठेवली. तिने एकेक बघितलं, लिंबाच्या काट्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे सरकवली.

"ही राहू देत. तुला बरोबर वाटली होती ना?"

मी ती उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मग मी तिला विचारलं, ताईला फोन करतेस का. चार तारीख जवळ आली आहे. म्हणाली, "मी नाही करणार. तू घालवलीस, तू आण." आणि पुढचं तिने मला पेन घेऊन बसवून लिहून घ्यायला लावलं, तिच्या शब्दांत देते: "पट्टी काढली की मी उजवा डोळा झाकेन, माझ्यासमोर कार्ड धरायचं. पान मला कसं दिसतं ते मी सांगेन, आणि ते खरंच तसं आहे की नाही, ते थोरलीने सांगायचं. हिने नाही. निळं असलं तर निळं म्हणायचं. काहीच दिसलं नाही तर पान कसं आहे तेही तिच्याच तोंडून ऐकेन."

ऑपरेशन चार तारखेला सकाळी नऊला. पट्टी पाचला सकाळी साडेदहाला काढतील. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आहे, जिना डावीकडे. नकाशा सोबत जोडला आहे. सुट्टी मिळत नसेल तर पाच तारीख तरी धर. मी त्या दिवशी तुझ्याशी बोलावं, अशी तुझी इच्छा नसेल तर बोलणार नाही.

त्या दिवशी मी खोटं बोलले. आईशी बोलले आणि तुझ्यावर उलटवलं. हे सगळ्यांच्या देखत बोलले होते, म्हणून आत्या, काकू आणि मामा, तिघांनाही वेगवेगळं कळवलं आहे. आत्या म्हणाली, "आता मोठी झालीस."

पट्टी काढताना पेशंटबरोबर एकालाच आत सोडतात. ती तू असावीस, असं आईचं म्हणणं आहे. माझंही आहे.

धाकटी